एका कार्डाला एक पिशवी

"एका कार्डाला एकच पिशवी, भावजी," हरणाबाई म्हणाली आणि तेलाची दुसरी पिशवी तिनं तात्याबाच्या हातातून काढून घेतली.

"आवं वैनी, घरात अकरा माणसं हाईत. चार दिस झालं, लेकरांच्या कोरड्यासाला फोडणी न्हाई."

"माझ्या बी न्हाई."

तात्याबा मान खाली घालून निघून गेला. तिच्यापुढं बोलणार कोण? तिचा लेक विश्वजित फौजेत, सीमेवर होता.

लढाई सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. डिझेल सगळं फौजेकडं चाललं होतं, त्यामुळं आटपाडीच्या बाजारातच माल येईना, मग माळावरच्या गावाला कोण विचारतो? पंचायतीनं पायगोंडा अण्णांच्या दुकानात होतं नव्हतं ते मोजून घेतलं आणि वाटा ठरवला. आठवड्याला कार्डामागं तेलाची एक पिशवी, किलोभर साखर, पाच किलो गहू. वाटायला कुणाला बसवायचं यावर मात्र भांडणं जुंपली. शेवटी पायगोंडा अण्णाच म्हणाले, "हरणाबाईला बसवा. तिच्यावर कुणी बोट दाखवणार न्हाई."

खरंही होतं ते. लढाई होणार अशी अफवा पहिल्यांदा उठली, तेव्हा निम्मं गाव रिकामी पोती घेऊन विट्याला निघालं होतं. त्याच दुपारी विश्वजितचा फोन आला. "आई, काही होत नाही. गावाला सांग, घाबरून साठा करू नका." हरणाबाई तशीच बिरोबाच्या देवळात गेली आणि पोराचं बोलणं तिनं भोंग्यावरून गावाला ऐकवलं. माणसं वाटेतून माघारी फिरली. पाचव्या दिवशी लढाई पेटली. तरी कुणी तिला बोल लावला नाही. पोराला तरी काय ठाऊक असणार, असंच सगळे म्हणाले.

आज दुकान आवरून ती घरी आली तेव्हा शेळ्या ओरडत होत्या. सोनिया, तिची सून, नळावर धुणं धूत होती. एरवी वैरण सोनियाच टाकायची. "तुमी दमून येताय आत्या, मी बघते," म्हणायची. आज हरणाबाई स्वतःच छपरात शिरली आणि कडब्याची एक पेंढी तिनं ओढली.

मागं पत्रा चमकला.

तिनं दुसरी पेंढी ओढली. मग तिसरी. तेलाचे सात डबे निघाले. डब्यांमागं गव्हाची पोती, पोत्यांवर साखर.

दारात सोनिया उभी होती. हाताला साबणाचा फेस तसाच.

"कुणी आणलं गं ह्ये?"

"त्यांनी सांगितलं हुतं, फोनवर."

"कवा?"

सोनियानं तोंड फिरवलं. "भोंगा झाला त्याच दिशी. तुमी देवळात बसून लोकास्नी समजावत हुता. तवर मी विट्यावनं टेम्पो आणला. लोकं जायच्या आदी दुकानं गाठ, म्हणले."

"आन मला का न्हाई सांगितलं?"

"आईला सांगू नगं म्हणले. आई वाटून टाकंल."

हरणाबाई कडब्यावरच बसली. पोरानं आईला अगदी बरोबर ओळखलं होतं. ओळखलं होतं म्हणूनच तिच्या तोंडून गावाला अडवलं आणि तिच्यापासूनच धान्य दडवलं. तीन आठवडे ती पाण्यातलं पिठलं खात होती. तीन आठवडे लेकुरवाळ्या बायकांच्या पिशव्या उघडून बघत होती. काल तर धुळाच्या म्हाताऱ्या आईनं मूठभर जास्तीची साखर पदरात बांधली, ती तिनं चारचौघांत सोडून घेतली होती.

ती उठली. शेजारच्या जोतीरामला तिनं बैलगाडी जुंपायला सांगितली.

सोनियानं तिचे पाय धरले. "आत्या, तुमच्या पाया पडते. लढाईची बातमी आदी फोडली असं वर कळलं तर त्यांच्यावर खटला चालंल. सीमेवरनं बेड्या घालून आणतील!"

"मी त्याचं नाव कशाला घीन? पर माल घरात ऱ्हाणार न्हाई."

गाडी दुकानापुढं उभी राहिली तसं गाव गोळा झालं. पहिला डबा हरणाबाईनं स्वतःच उतरवला.

"भावजी, तुमचं आदी. अकरा माणसं हाईत तुमची."

तात्याबानं डब्याला हात लावला नाही. त्यानं डबे बघितले, पोती बघितली, पोत्यांवरचं विट्याच्या दुकानाचं नाव वाचलं.

"वैनी," तो म्हणाला, "लढाई लागल्यापासनं विट्यावनं एक पोतं आलं न्हाई गावात. म्हंजे ह्यो माल त्याच्या आदीचा. लढाई हुणार ह्ये तुमच्या घरात ठावं हुतं. आन तुमी आमास्नी वाटंतनं माघारी फिरिवलं."

धुळाची म्हातारी पुढं येऊन पोत्याला हात लावून मागं सरली. पायगोंडा अण्णा पायरीवरून खाली उतरले, पण जवळ आले नाहीत. मागं कुणीतरी मोबाइल वर धरला होता.

"सांगा की," तात्याबाचा आवाज चढला. "विश्वजितनं कळवलं हुतं, व्हय ना?"

खरं एक वाक्य बोलली असती तर ती तिथंच सुटली असती. पदर डोक्यावर घेऊन हरणाबाई सरळ उभी राहिली.

"त्याला ह्यातलं कायबी ठावं न्हाई," ती म्हणाली. "तुमास्नी फसवून मीच भरलं हुतं."