खालची ओळ

कृषी केंद्रातल्या मृदुलाने शेतकऱ्यांसाठीचं फवारणीचं पत्रक अकराव्यांदा बदललं होतं. अक्षरं आणखी मोठी केली होती, वाक्यं तोडली होती. तरी सारिकाने ते घेतलं आणि सवयीने चष्म्यासमोर धरलं. चष्मा तिच्या कानात कुजबुजला.

"कळलं ताई. एका पंपाला एक झाकण औषध."

"आणि खालची ओळ?"

"चष्म्यानं तेवढंच सांगितलं."

चष्मा समोरचं सगळं वाचून थोडक्यात सांगत असे. सारिकाच्या पिढीला वाचायची गरजच पडली नव्हती. मृदुला थकून ओट्यावर बसली. आता आणखी काय बदलायचं, तिला सुचेना.

सारिकाच्या सासूबाईंनी, अनसूयाबाईंनी, पत्रक उचललं. त्या चाळिशीत साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या होत्या आणि चष्मा त्यांना कधी मानवला नव्हता. ओळीखाली बोट फिरवत त्या वाचू लागल्या, "फवारल्यावर... सहा दिवस... वांगी तोडू नका. विष... पोटात जातं."

त्या थबकल्या. "सारिके, परवाच फवारलंस ना? मग सकाळी तोडलेली वांगी कुठंयत?"

"शाळेत दिली. पोरांच्या जेवणाला."

शाळेचा फोन कुणी उचलेना. मृदुलाने स्कूटर काढली, अनसूयाबाई मागे बसल्या.

शाळेत मुलं ताटं घेऊन बसली होती, वाढप सुरू व्हायचं होतं. वांगी वाढू नका म्हणत मृदुलाने पत्रक पुढे केलं. स्वयंपाकीणबाईंनी ते चष्म्यासमोर धरलं आणि नकारार्थी मान हलवली. "यात वांग्याचं काहीच नाही."

मृदुलाच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. अनसूयाबाईंनी मात्र पातेल्यावर झाकण ठेवलं.

"चष्मा काढा बाई," त्या म्हणाल्या. "मी वाचते. शेवटपर्यंत ऐका."