तळ्याकाठच्या पुऱ्या

तन्वीनं सेल्फीसाठी फोन वर केला आणि स्क्रीनवर स्वतःच्या खांद्यामागं तिला अपर्णा दिसली.

अपर्णा आणि तिची आई. तळ्याकाठी, झाडाखालच्या खडकावर, समोर डबे उघडलेले.

हैदराबादेत राहून हे एवढंसं नॅशनल पार्क कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून अपर्णासकट चौघांनी ठरवलेलं की रविवारी जायचं, डोंगर चढून तळ्यापर्यंत. पण अपर्णा येणार म्हणजे तिची आई, त्रिवेणीकाकूही येणार, त्या पोरीला एकटं कुठं सोडतच नाहीत. आणि काकू आल्या की रील नाही, गाणी नाहीत, नुसतं ‘खाल्लं का, पाणी प्यालात का’. म्हणून सकाळी तन्वीनंच अपर्णाला मेसेज टाकला होता, मला ताप आहे, कॅन्सल. मग तिघं तारनाक्याहून गाड्या काढून सुसाट आले होते.

“पलट यार, पलट,” प्रथमेश पुटपुटला. “बघितलं नाही त्यांनी.”

“बघितलंय,” शर्वरी म्हणाली.

काकू हात हलवून बोलवतच होत्या. तिघं गेले. जाण्यावाचून काही उरलंच नव्हतं.

“बसा गं माय, बसा. मेसेज आला तोवर माझ्या सगळ्या पुऱ्या तळून झालेल्या. तुमच्या सगळ्यांच्या हिशोबानं केलेल्या. आता घरी दोघी किती खाणार? हिला म्हटलं चल, तळं तरी बघू. काचीगुड्याहून दोन बस बदलल्या.” बोलता बोलता त्यांनी तन्वीच्या कपाळाला हात लावला. “ताप होता ना गं तुला? आणि तरी डोंगर चढलीस?”

तन्वीनं फोन खिशात सारला. प्रथमेश तळ्याकडं बघायला लागला.

“उतरला तिचा ताप,” अपर्णा म्हणाली. ती डब्याच्या झाकणात बटाट्याची भाजी वाढत होती, मान खाली. “फोन आला होता मला. गोळी घेतली, बरं वाटतंय, सगळे मिळून जाऊ म्हणाली. मीच तुला सांगायची विसरले, आई.”

तन्वीनं फोन केलेलाच नव्हता.

“विसरलीस?” काकूंनी कपाळाला हात मारला. “अगं, थांबली असतील ना बिचारी तुझ्यासाठी. आणि आपण आपलं इथं येऊन खात बसलो. काय वाटलं असेल त्यांना? सॉरी म्हण आधी.”

“काकू, नाही, तसं...” तन्वी म्हणाली.

“तू गप गं. म्हण, अपर्णा.”

अपर्णानं वर बघितलं. पहिल्यांदाच. तिघांकडंही एकेकदा.

“सॉरी,” ती म्हणाली, आणि झाकण तन्वीच्या हातात दिलं.