सारजाबाईंचे केस

कापायचे असं ठरलंच होतं. मुलगा सुदर्शन ऑफिसात कागदावर सही करून गेला, आणि अंजना सिस्टरांनी ज्योत्स्नाच्या हातात कात्री दिली.

"तीन नंबरची आजी. केसांच्या पार जटा झाल्यात. मुळापासून काढून टाक."

तीन नंबरच्या खाटेवर सारजाबाई होत्या. लोणीच्या मोठ्या बागायतदाराच्या घरच्या. घसरून पडल्या, खुबा मोडला, पुण्यात ऑपरेशन झालं. महिनाभर उताण्या पडून राहिल्या तेवढ्यात डोक्यामागचे केस लोकरीच्या नमद्यासारखे घट्ट बसले. आता लेकाने त्यांना नारायणगावच्या या शुश्रूषा केंद्रात आणून ठेवलं होतं.

कात्री पाहून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"जीव घे पोरी, पन केसाला हात लावू नको."

ज्योत्स्नाने त्यांना नावावरूनच ओळखलं होतं. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

पंचवीस वर्षं झाली. ज्योत्स्ना नऊ वर्षांची होती. तिची आई द्रौपदा या बाईच्या मळ्यात रोजाने खुरपायला जायची. द्रौपदाचे केस कमरेखाली उतरायचे. बौद्धवस्तीतच काय, साऱ्या लोणीत तसे कुणाचे नव्हते. एक दिवस सारजाबाईंची तेलाची बाटली सापडेना. त्यांनी खळ्यावर सगळ्या माणसांदेखत द्रौपदाचं डोकं हुंगलं, माझंच तेल म्हणाल्या, आणि विळ्याने वेणी उतरवली. संध्याकाळी बाटली त्यांच्याच कपाटामागे निघाली. ते सांगायला कुणी आलं नाही. द्रौपदाने पुन्हा केस म्हणून वाढवले नाहीत.

ज्योत्स्ना पुढे शिकली, रुग्णसेवेचा कोर्स केला, लग्न होऊन मंचरला गेली. पण रोज कुणाचं ना कुणाचं डोकं हातात आलं की खळ्यावरचा तो चर्र आवाज तिला ऐकू यायचा. या एका डोक्याची तिने किती वाट पाहिली होती, ते तिचं तिलाच माहीत. आणि आज ते सहीच्या कागदासकट समोर आलं होतं.

"सिस्टर, मला चार दिवस द्या," ती म्हणाली. "सोडवते मी गुंता."

सिस्टरांना नवलच वाटलं. एवढा वेळ कुणाला असतो, म्हणाल्या. ज्योत्स्ना म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत करीन.

पहिले दोन दिवस तिने नुसतं खोबरेल जिरवलं. तिसऱ्या दिवशी खाटेवर रबराचं कापड अंथरलं, मानेखाली टॉवेलची गुंडाळी दिली, कापडाची कड वळवून पन्हळ केली आणि पन्हळीचं टोक बादलीत सोडलं. कानात कापसाचे बोळे घातले. पंखा बंद केला. पाणी आधी आपल्या कोपरावर घेऊन पाहिलं, मग म्हातारीच्या हातावर घातलं.

"चालंल का एवढं?"

"चालंल की. लई बरं वाटतंय."

एका हाताने मुळाशी केस धरून ठेवायचे, म्हणजे ओढ बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने टोकाकडून वर वर मोकळं करत जायचं. तासाभरात वीतभर गुंता सुटला. सारजाबाई डोळे मिटून बोलत होत्या. सुनेने कधी डोक्याला हात लावला नाही. हे केस त्यांनी लेकरासारखे जपले. म्हातारपणीही गावात असे कुणाचे नाहीत.

ज्योत्स्नाचा हात थांबला.

"आजी, तुमी कधी कुणाचे केस कापलेत का?"

"छे गं," सारजाबाई म्हणाल्या. "बाईमानसाचे केस कोन कापतं? पाप आसतं ते."

त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. त्या खरोखर विसरल्या होत्या. ज्योत्स्नाने तांब्या खाली ठेवला. शेजारी चहाच्या पाण्याचं भांडं वाफाळत होतं. तिने ते हाताने लांब सारलं आणि कोमट पाण्याची धार पुन्हा धरली.

त्या दिवशी तिने लोणीला आईला फोन केला. कुणाचे केस धुतेय ते सांगितलं.

"किती लांब हायेत अजून?" द्रौपदाने विचारलं.

"कमरेपर्यंत. पांढरे झालेत, पण दाट आहेत."

"मग जपून सोडव. एक बी तुटू देऊ नको."

आईचं मन एवढं मोठं, हे मनात येऊन कुणाचेही डोळे भरले असते. ज्योत्स्नाने फक्त "बरं" म्हटलं.

चौथ्या दिवशी शेवटची गाठ सुटली. तिने केस टॉवेलने टिपून वाळवले, सैलसर वेणी घातली आणि सारजाबाईंना खुर्चीत बसवून हातात आरसा दिला. म्हातारी बघतच राहिली. मग ज्योत्स्नाचे हात धरून रडली. पोटच्या लेकीने केलं नसतं, म्हणाली. सिस्टरांनी येऊन पाठ थोपटली. तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून हे केंद्र चालतं, म्हणाल्या, आणि दुपारी बँकेच्या कामाला गेल्या.

त्या गेल्यावर दारात एक म्हातारी बाई आली. चपला बाहेर काढून ती सरळ तीन नंबरपाशी आली आणि सारजाबाईंच्या मागे उभी राहिली.

"लई झ्याक झालेत केस," ती म्हणाली.

"या पोरीनं वाचवले," सारजाबाई आरशातून हसल्या. "तू कोन गं बाई?"

"द्रौपदा. तुमच्या खळ्यावरची."

आरशातलं हसू हळूहळू विरलं. सारजाबाईंचे दोन्ही हात डोक्याकडे जाऊ लागले. द्रौपदाने वेणी मुठीत धरली आणि मागे न बघता दुसरा हात लेकीपुढे केला.

ज्योत्स्नाने कात्री दिली.