परत सांगा

बोळिंजच्या हॉलमध्ये सुधाकर मास्तरांचा निवृत्तीचा सत्कार झाला, आणि भाषणाला जो उठला तो हेच म्हणाला, "शिक्षक घडवता येत नाही, तो जन्मावा लागतो. आमचे सर जन्मजात!" मास्तर शालीत मावेनात.

उमेळ्याला परतताना रिक्षात त्यांनी सत्काराचा नारळ बायकोच्या मांडीवर ठेवला. "ऐकलंस ना जयवंती? जन्मजात! फक्त तुझ्यापुढे हात टेकले मी."

जयवंती गालातल्या गालात हसली. लग्न झाल्यापासून उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी तिला शिकवून बघायचा, ही मास्तरांची सवय. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "नाही बाई कळलं. परत सांगा." मास्तर चिडायचे, पुस्तक आपटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. अपूर्णांकांच्या वेळी तर वाडीतलं केळं आणून, त्याचे तुकडे करून दाखवले, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी मान डोलावली.

"अख्ख्या शाळेला कळायचं गं! तुला एकदा तरी पहिल्या झटक्यात कळलं का?"

"रोज कळायचं."

मास्तर गर्रकन तिच्याकडे वळले. "मग दरवेळी 'परत सांगा' कशाला म्हणायचीस?"

रिक्षा खड्ड्यात आदळली तसा जयवंतीने नारळ सावरून धरला.

"मला कळायचं हो. मागच्या बाकावरच्या पोरांना कळलं नसतं."