मडक्याला तडा का जातो

ठकूबाई कुंभारणीने चाक थांबवलं आणि पाणी गाळायच्या मडक्यांवरचा शोधनिबंध वाचून दाखवणाऱ्या फोनला दटावलं, "तडा का जातो ते कळलं नाही म्हणतोस? मातीत भुसा कशाला घातला? घोड्याची लीद चाळून घाला म्हणावं तुला लिहिणाऱ्या बाईंना!"

लोकांच्या पैशावरचं संशोधन आता प्रकाशकाच्या नव्हे, लेखकाच्याच हक्कात राही, कुणाच्याही घरी त्याच्या बोलीत बोले आणि ऐकणाऱ्याचं म्हणणं लेखकाला पोचवी.

महिन्याभराने डॉ. वसुधा नाडगौडा नवं, बिनतड्याचं मडकं घेऊन स्वतः आल्या. "निबंधाचा हक्क माझाच, म्हणून लगेच दुरुस्त केला. तुमचं नाव पहिलं घातलंय."

ठकूबाईने मडक्यावर टिचकी मारून कान लावला आणि ती गालात हसली.

"भाजणी कच्ची आहे, बाई. ते आधी लिहा, नावाचं मग बघू."