चालवणारा हवा

ऑर्विलने अंगणातल्या गाडीच्या काचेवर पाटी लावली : 'विकणे आहे. चालवणाऱ्यालाच.' सत्तावन्न सालची चार दारांची शेवरोले. मागच्या सीटवर त्याची तिन्ही मुलं वाढली होती. बायको लोरीन गेल्यावर नऊ वर्षं खपून त्याने गंज कापला, नवं लोखंड जोडलं, रंगही तिच्या आवडीचा दिला.

डे मॉइन शहरातून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. म्हणाला, "कापडाखाली ठेवीन. ओरखडा उठू देणार नाही."

"मग फोटो काढून ने की. लोरीनची गाडी आहे ही, धूळ खायला नाही केली," म्हणत ऑर्विलने त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा डाल्टन आला. रंगाकडे त्याने बघितलंही नाही, सरळ गाडीखाली शिरून लोखंड ठोकून पाहिलं.

"काका, असं भक्कम काम आता कोण करतं?"

"चालवणार ना पण?"

"म्हणजे काय. शनिवारी जत्रेत मैदानात उतरवतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आमचं अख्खं घर येणार आहे."

जत्रेतली जुन्या गाड्यांची मिरवणूक ऑर्विलच्या डोळ्यांसमोर आली. डाल्टनच्या खिशात होते तेवढ्या पैशांत त्याने किल्ली देऊन टाकली.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला.



गाड्या मुद्दाम एकमेकींवर आदळवायच्या खेळात चेपलेल्या बावीस गाड्यांत शेवटी लोरीनची तेवढी एकच हलत राहिली, आणि डाल्टनने चिखलाने माखलेला करंडक आणून ऑर्विलच्या मांडीवर ठेवला, "जिंकलो, काका. दुसरी आहे का अशी?"