बिळाला दोन दारं

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

शिक्षकांच्या खोलीच्या दारात कुणातरी मुलाची आई उभी होती, मोबाइल पुढे धरून. छोट्या बाईंनी स्क्रीनवर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा खुलला. अजून प्रशिक्षण चालू होतं, शाळेत फक्त सरावापुरत्या यायच्या, म्हणून मुलांनी त्यांना छोट्या बाई करून टाकलं होतं. आणि हा चक्क त्यांचा ब्लॉग! कॉलेजातल्या मैत्रिणी सोडून दुसऱ्या कुणीतरी वाचला म्हणजे चैनच की.

"हो, हो, मीच! आवडला?"

"मी तिची आई."

कुणाची, हे विचारावं लागलं नाही. मुलीचं नाव लिहायचं नाही एवढं छोट्या बाईंना कळत होतं. पण 'दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, खिडकीशी बसणारी' हे मोठ्या हौसेने लिहून ठेवलं होतं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ते.

बालसाहित्यावर ब्लॉग लिहायचा, हा प्रशिक्षणाचाच भाग. शिकवणाऱ्या सरांचं एकच पालुपद होतं: मुलं काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहा, तुमचं ज्ञान पाजळू नका. छोट्या बाई आज्ञाधारक. त्यांनी वर्गात कोल्ह्याची गोष्ट वाचली आणि विचारलं, कोल्ह्याने बिळाला दोन दारं का ठेवली? कुणी म्हणालं वारा यायला, कुणी म्हणालं पाहुण्यांसाठी. खिडकीशी बसणारी म्हणाली, "बाबा पुढच्या दाराने ओरडत आले, की आईला मागच्या दाराने पळता येतं." छोट्या बाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं. सर खूश. शाळाही खूश. इतकी, की परवा कुणीतरी उत्साहाच्या भरात तो लेख पालकांच्या ग्रुपवर टाकला.

झालं. पालकांत बापही येतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"यांनी वाचलं," आई म्हणाली. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. बिघडलेली वस्तू दुकानात परत करायला आल्यासारखी बोलत होती. "मागच्या दाराला काल कुलूप घातलं."

छोट्या बाईंनी घाईघाईने कॉम्प्युटर ओढला. लेख टाकायला त्यांना अख्खी दुपार लागली होती, काढायला दोन बटणं पुरली.

"काढला. बघा, गेला."

"यांच्या मोबाइलमध्ये फोटो आहे त्याचा."

"मग आपण मोठ्या बाईंना सांगू या. पोलिसांत जाऊ. मी येते तुमच्याबरोबर, खरंच येते!"

"जाऊ. सगळं करू." आईने आवाज खाली आणला. "रविवारी मी तिला घेऊन बहिणीकडे निघतेय. कायमची. तिकडून काय ते करीन. तोवर मला नुसतं निभवायचंय. पोरीला मीच पढवून शाळेत पाठवलं, असं डोक्यात घेतलंय यांनी. आज तिला न्यायला स्वतः येतायत. वाटेत तिलाच विचारणार."

"मी काय करू? सांगा ना, काहीही सांगा."

"लिहा, की ते वाक्य तुमचं आहे. तिच्या तोंडी तुम्ही घातलंत. लिहिणारे घालतातच ना?"

सरांना नेमकी याच गोष्टीची चीड होती. मुलांच्या तोंडी आपली वाक्यं कोंबणारा मास्तर माझ्या हातून पास होणार नाही, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. छोट्या बाईंना ते आठवलं, आणि मेलं ते पास होणं, असंही वाटलं. त्यांनी लिहिलं: 'कोल्ह्याच्या गोष्टीवरचं ते वाक्य कुठल्याही मुलीचं नाही. लेख रंगावा म्हणून मी रचलं. माझी चूक झाली.' एकही खाडाखोड न होता लिहिलेला हा त्यांचा पहिला लेख.

आईने तो तिथूनच नवऱ्याला पाठवला. दोघी तिच्या मोबाइलकडे बघत राहिल्या. उत्तर लगेच आलं.

'बरं. गेटवर आहे. ती काय म्हणते बघू.'

छोट्या बाई धावतच वर्गात गेल्या आणि मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. आईला शाळेत बघून ती हरखली. छोट्या बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. काय बोलायचं ते येता येता मनाशी घोकलं होतं, तरी जीभ अडखळत होती. गेले दोन महिने या मुलीला त्या एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, की मनात येईल ते बिनधास्त बोल.

"हे बघ राणी, कोल्ह्याच्या बिळाचं ते... मागच्या दाराचं... ते तू म्हटलं नव्हतंस. मी म्हटलं होतं. कळलं? बाबांनी विचारलं तर सांगायचं, बाई म्हणाल्या."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, पुन्हा हलवली.

"सांगशील ना, बाळा? बाई म्हणाल्या म्हणून?"

शाळा सुटल्याची घंटा झाली. जिन्यावर पोरांचा एकच गलका उठला. मुलगी हसली, आपण विसरतो तसं मोठी माणसंही विसरतात याची तिला गंमत वाटली असावी.

"असं काय हो बाई! मीच म्हटलं होतं. तुम्ही सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या."